गांजा ओढणारं पोर पुढं गोळ्यांकडं, ब्राऊन शुगरकडं जातंच का?

वेदगंगा (निपाणी)

निपाणीजवळच्या एका हायस्कुलात मी शिकवते. दिवाळीच्या सुट्टीआधी दहावीतल्या एका मुलाच्या दप्तरात गांजाची पुडी सापडली. मागच्या बाकावरचा गप्प मुलगा. वडील गोव्यात बांधकामावर, आई तंबाखूच्या वखारीत. त्यानंतर पालकसभा झाली, बाहेरून एक वक्ते बोलावले होते. त्यांनी माईकवरून सांगितलं, "आज गांजा, उद्या गोळ्या, परवा ब्राऊन शुगर. एकदा पाय टाकला की कोणी माघारी येत नाही." त्या मुलाची आई बायकांच्या रांगेत तोंडाला पदर लावून बसली होती. दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत नाही. वडील त्याला गोव्याला बोलावून घ्यायचं म्हणताहेत. मी घरी गेले तर तिने पाण्याचा तांब्या पुढे केला आणि एवढंच विचारलं, "बाई, आता ह्यो वाचत न्हाई न्हवं?"

माझं मत आधीच सांगते. मुलांनी गांजा ओढू नये, यात माझ्याकडून तसूभरही सवलत नाही. पण "एक केलं की दुसरं होणारच" हे वाक्य मला खोटं वाटतं, आणि घातकही. आमच्या भागात नशेची सुरुवात गांजाने होतच नाही. ती तंबाखूने होते, आणि तंबाखूने सुरुवात केलेली अख्खी निपाणी काही ब्राऊन शुगरकडे, म्हणजे हलक्या हेरॉइनकडे, गेलेली नाही.

बाहेरच्यांसाठी सांगते. चुलीवर पत्रा ठेवायचा, त्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची आणि डबीत भरायची. ही मिश्री. सकाळी आजी दातांवरून बोट फिरवते, शेजारी बसलेलं नातवंड त्याच डबीत बोट घालतं आणि घरातले कौतुकाने हसतात. पाचवी-सहावीत दप्तरात पुड्या येतात. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून आणि कर्नाटकात २०१३ पासून बंदी आहे, म्हणून आता पानमसाला एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत, आणि दोन्ही एकाच वेळी तोंडात. त्यासाठी कधी पालकसभा भरल्याचं मला आठवत नाही.

डॉक्टर, औषधवाले, ज्यांनी स्वतः भोगलंय असे कोणी इथे असतील तर कृपया लिहा. घाबरवू नका, आणि धीर द्यायचा म्हणून गोडही बोलू नका. मला त्या बाईला खरं उत्तर द्यायचं आहे.

उद्यमबाग (बेळगाव)

बाई, तुमची कळकळ पोचली. पण वक्ते अगदीच चुकीचं बोलले असं मला वाटत नाही. मी फाउंड्रीत सुपरवायझर आहे. खानापूर, हुक्केरीकडची पोरं आमच्याकडं येतात. भट्टीपुढं पाळी करणं काय असतं ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रात्री जागं राहायला तोंडात पुडी, सकाळी झोप यावी म्हणून गांजा, आणि अंग मोडून यायला लागलं की मेडिकलमधल्या गोळ्या. ही चढण मी डोळ्यांनी बघितली आहे. गोळ्या खाणारा एकही पोरगा मला असा भेटला नाही ज्यानं आधी गांजा ओढला नव्हता. मग हे कसं खोटं म्हणूलासा तुम्ही?

मार्कंडेय (कडोली)

आमच्या लहानपणी मठाच्या कट्ट्यावर संध्याकाळी चिलीम फिरायची. भजन व्हायचं, मंडळी उठून घरी जायची, सकाळी शेतावर हजर. त्यातलं कोणी पुढं काही घेतल्याचं ऐकलं नाही, कारण पुढं घ्यायला काही नव्हतंच. उत्तर कर्नाटकात शरण, आरूढ, अवधूत परंपरेत गांजाला स्थान आहे. यादगीर जिल्ह्यात तिंथणीच्या मौनेश्वराच्या जत्रेत तो प्रसाद म्हणून मिळतो. इंग्रजांनी १८९३-९४ साली यावर मोठा आयोग नेमला होता, त्यानेही माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही असाच निष्कर्ष काढला. हा गांजाचा पुरस्कार नव्हे. पण गांजातच पुढे ढकलणारं काही असतं तर आमच्या त्या म्हाताऱ्यांनाही त्यानं ढकललं असतं.

डॉ. घटप्रभा (धारवाड)

मी मूळची बेळगावची, इथे मनोविकार विभागात काम करते. सवडीने लिहिते आहे, थोडं लांबेल.

उद्यमबाग, तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. पण तुम्ही शेवटाकडून मागे पाहताय. गोळ्यांवर पोचलेल्याला विचारलं की तो सांगणारच, आधी गांजा होता, त्याआधी दारू, त्याआधी तंबाखू. मोजणी उलट बाजूने करायला हवी. ज्यांनी गांजा ओढला त्यांच्यापैकी किती जण पुढे गेले? चार वेळा ओढून सोडून दिलेला पोरगा तुमच्या नजरेत भरत नाही आणि माझ्या ओपीडीतही येत नाही. आपल्या दोघांनाही फक्त पोचलेलेच दिसतात.

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी देशभर पाहणी केली, तिचा अहवाल २०१९ साली आला. १० ते ७५ या वयात भांग, गांजा, चरस यांपैकी काही घेणारे सुमारे ३.१ कोटी, आणि त्यांतले मदतीची गरज पडावी इतके गुंतलेले सुमारे ७२ लाख. ३.१ कोटींत सणावाराला भांग पिणारेही आले हे खरं, तरीही तीनचतुर्थांशांहून जास्त लोक गांजा-भांगेच्याच त्रासापर्यंत पोचलेले नाहीत, पुढच्या पायरीचं तर सोडाच. त्याच पाहणीत दारू पिणारे १६ कोटी होते.

पायऱ्यांची कल्पना आली कुठून? अमेरिकेत डेनिस कँडेल या संशोधिकेने १९७५ साली शाळकरी मुलांचा अभ्यास मांडला. बहुतेकांचा क्रम ठरलेला दिसला: बिअर-वाइन, मग सिगारेट आणि कडक दारू, मग गांजा, मग बाकीचं. क्रम पक्का होता. पण क्रम सापडला म्हणजे कारण सापडलं असं होत नाही, आणि गेली पन्नास वर्षं वाद इथेच अडला आहे. २००२ साली अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेच्या संशोधकांनी गणित मांडून दाखवलं की गांजाचा काहीच परिणाम धरला नाही तरी हाच क्रम दिसू शकतो. काही मुलांचा कल मुळातच धोका पत्करण्याकडे असतो, आणि गांजा लवकर हाती लागतो, हेरॉइन उशिरा. एवढ्यावरही तसाच क्रम दिसतो. २०१० साली १७ देशांची आकडेवारी एकत्र तपासली, तेव्हा कुठे काय सहज मिळतं आणि किती चालतं त्याप्रमाणे हा क्रम बदलतो असं आढळलं.

आता दुसरी बाजू, कारण गोड बोलू नका असं ताईंनीच म्हटलंय. ऑस्ट्रेलियात जुळ्या भावंडांच्या ३११ जोड्या तपासल्या, २००३ साली त्याचा निबंध आला. प्रत्येक जोडीत एकाने सतराच्या आत गांजा ओढलेला, दुसऱ्याने नाही. घर एक, आईबाप एक, अनेकांच्या बाबतीत जनुकंही तीच. तरी लवकर ओढलेल्या भावंडात पुढे इतर नशा आणि दारू-गांजाचं व्यसन लागण्याची शक्यता २ ते ५ पट जास्त निघाली. म्हणून "गांजाचा काही संबंध नाही" असं मी म्हणणार नाही. मात्र यात वय सगळ्यात मोठं दिसतं. मार्कंडेयकाका, तुमच्या कट्ट्यावरची मंडळी जाणती होती, दिवसाची एक वेळ ठरलेली, चार माणसं डोळ्यांसमोर. पंधराव्या वर्षीचा मेंदू अजून घडत असतो. त्या वयात रोज ओढणाऱ्यांमध्ये भास, संशय असे मनोविकार होण्याचा धोकाही वाढतो, आणि त्यासाठी कुठल्याही पुढच्या पायरीची गरज लागत नाही. मला ओपीडीत खरी भीती याचीच वाटते.

आणि तंबाखू. डेनिस कँडेल आणि त्यांचे पती, नोबेलविजेते मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल, यांच्या गटाने २०११ साली उंदरांवर प्रयोग केले. आधी निकोटिन आणि मग कोकेन दिलं तर कोकेनचा परिणाम कितीतरी वाढतो. क्रम उलटा केला तर तसं होत नाही. उंदरांवरून थेट माणसांवर उडी मारू नये, तरी पहिली पायरी शोधायचीच असेल तर वेदगंगाताईंनी सांगितलेल्या मिश्रीच्या डबीकडे पाहायला भक्कम कारण आहे.

औषधवाला (खानापूर)

उद्यमबागांनी म्हटलं, आधी गांजा न ओढलेला गोळ्यावाला भेटला नाही. मला भेटतात. माझ्या काउंटरवर.

मोबाइलमध्ये प्रिस्क्रिप्शनचा फोटो. डॉक्टर कोल्हापूरचे नाहीतर मडगावचे, तारीख पुसट, पेशंट साठीची बाई. घ्यायला आलेला पोरगा अठरा-एकोणीसचा, धुतलेला शर्ट, कॉलेजची बॅग. दहा स्ट्रिपा मागतो. नाही म्हटलं की खोकल्याचं औषध मागतो, तेही नेमकं कोडीन (अफूच्या जातीचं, नशा आणणारं द्रव्य) असलेलं, आणि खोकला नावाला नसतो. त्यांतल्या एकाला मी आत बसवून विचारलं, तू गांजा ओढतोस का? म्हणाला, "नाही काका, वास येतो, आई लगेच ओळखेल." गोळीला वास नाही, धूर नाही, डोळे लाल होत नाहीत. पोरं घरच्यांच्या नाकाचा अंदाज घेऊन नशा निवडतात.

ट्रामाडॉल हे वेदनाशामक २०१८ साली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखाली आलं, तेव्हापासून ते मिळवणं अवघड झालं. मग मागणी दुसऱ्या वेदनाशामकांकडे सरकली. सगळे दुकानदार माझ्यासारखे नाही म्हणत नाहीत, हे मला माहीत आहे आणि याचा मला संताप आहे. आणखी लहान पोरांचं म्हणाल तर पंक्चरचं सोल्युशन. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओतून हुंगतात. गांजाही नाही, दारूही नाही, सुरुवातच तिथून.

डॉ. घटप्रभा (धारवाड)

औषधवाले, सोल्युशनचं तुम्ही बरं काढलंत. मोठ्यांपेक्षा मुलांमध्ये प्रमाण जास्त असलेला एम्सच्या पाहणीतला तो एकमेव प्रकार होता. त्यातून मेंदूला, हृदयाला थेट इजा होते, पहिल्याच वेळी जीव गेल्याचीही उदाहरणं वैद्यकशास्त्रात आहेत. आणि वरच्या कुठल्याच शिडीत तो बसत नाही.

परतलेला (शहापूर, बेळगाव)

बरेच दिवस इथं नुसता वाचतो. आज लिहावंसं वाटलं.

आमचं घर मागावरचं. बाराव्या वर्षी पुडी, सोळाव्या वर्षी गांजा. आम्ही चार मित्र होतो, एकत्रच ओढायचो. दोन वर्षं फक्त गांजा. गोळ्यांबद्दल ऐकलं होतं, घ्यावीशी कधी वाटली नाही. मग एका गणपतीच्या आधी धरपकड झाली आणि माल बंद झाला. आम्ही ज्याच्याकडून घ्यायचो त्यानंच खिशातून स्ट्रिप काढली आणि म्हणाला, "हे घे, दोन आठवडे यावर काढ." पैसे घेतले नाहीत. चौघांपैकी दोघांनी घेतली, मी आणि अजून एकजण. बाकी दोघांतला एक पुण्याला नोकरीला गेला, त्याचं सगळंच सुटलं. दुसऱ्याच्या आईला कळलं. तिनं त्याला मारलं, रडली, आणि दुसऱ्या दिवशी डबा करून कॉलेजला पाठवलं. घराबाहेर काढलं नाही. आज त्याचं स्वतःचं दुकान आहे.

माझ्या घरात नियम एकच होता, गांजेकस म्हणजे संपला. त्यामुळं गोळ्या सुरू झाल्या तेव्हा सांगायला घरात कोणी नव्हतं. संपलोच आहे तर आता काय, असं डोक्यात बसलं होतं. वक्ते माईकवरून बोलले ना, तेच वाक्य मी रोज स्वतःला ऐकवायचो आणि पुढची गोळी घ्यायचो.

गोळ्या बंद केल्यावर काय होतं ते इथल्या आयांना माहीत असू द्या. नाक गळतं, जांभया थांबत नाहीत, पोट बिघडतं, पाय इतके दुखतात की रात्रभर भिंतीला लावून बसावं लागतं. फ्लू आहे असंच घरच्यांना वाटतं. गांजा सोडताना मला यातलं काही झालं नव्हतं, चिडचिड झाली आणि झोप उडाली. दोन्ही एकाच तराजूत घालणाऱ्यानं दोन्हीही बघितलेले नसतात.

धारवाडला उपचार घेतले, जिभेखाली ठेवायची गोळी बरेच महिने चालली. आता कामावर आहे. गोळ्या सुटल्या, गांजा सुटला. तंबाखू अजून सुटलेली नाही.

वेदगंगा (निपाणी)

तुमचे आभार कसे मानू कळत नाही. एवढं उघडपणे लिहायला फार धैर्य लागतं. तुमची हरकत नसेल तर तुमचं नाव-गाव न सांगता हे त्या आईला वाचून दाखवू का?

परतलेला (शहापूर, बेळगाव)

दाखवा ताई. त्या पोरालापण दाखवा.

डॉ. घटप्रभा (धारवाड)

परतलेल्या भावाने एका प्रसंगात जे सांगितलं त्यावर एका देशाने धोरण आखलं आहे. नेदरलँड्सने १९७६ पासून गांजाचा बाजार आणि हेरॉइनचा बाजार वेगळे ठेवायचे ठरवलं. हेतू हा की गांजा घ्यायला गेलेला तरुण हेरॉइन विकणाऱ्यापुढे उभाच राहू नये. आपण तसंच करावं असं मी सुचवत नाही, आपला कायदा आणि आपली परिस्थिती वेगळी आहे. पण पोराच्या खिशातल्या पुडीइतकंच विकणाऱ्याच्या खिशात आणखी काय आहे हे महत्त्वाचं असतं.

"कोणी माघारी येत नाही" हेही चूक आहे. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेचे सुमारे २० टक्के सैनिक तिथे हेरॉइनच्या आहारी गेले होते. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७० च्या दशकात त्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा मायदेशी परतल्यावर त्यांतले फार थोडे पुन्हा व्यसनात गेल्याचं दिसलं. ठिकाण बदललं, माणसं बदलली, रोजचा दिवस बदलला. म्हणूनच त्या मुलाला गोव्याला पाठवण्याची मला काळजी वाटते. तिथे त्याला शाळा नाही, मित्र नाहीत, आणि दिवसभर बाप कामावर.

एक आई (चिक्कोडी)

नाव बदलून लिहितेय. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे. त्याच्या कपाटात सिगारेटचे कोरे कागद आणि वाळलेला पाला सापडला. भाऊ म्हणतो पोलिसांत दे, धडा मिळेल. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही. काय करू?

डॉ. घटप्रभा (धारवाड)

ताई, पोलिसांत जाऊ नका. कायद्यातच दुसरी वाट आहे. एनडीपीएसच्या ६४-अ कलमानुसार व्यसन असलेली, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेली व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. त्यातून तुमचा मुलगा अठराच्या आतला आहे.

आज रात्रीच विचारू नका. तो शांत असेल, पोटात जेवण असेल अशा वेळी दोघंच बसा. "हे मला सापडलं" एवढं सांगा आणि मग तो बोलेपर्यंत थांबा. किती वेळा, कोणाबरोबर, कोणाकडून घेतो, आणि याशिवाय आणखी काही, हे हळूहळू काढा. गोळी, सोल्युशन, खोकल्याचं औषध यांची नावं घेऊन विचारा, नाहीतर तो फक्त गांजाबद्दल उत्तर देईल. कानात आवाज येतात का, उगाच संशय घेतो का, एकटा बोलतो का, हे बघा. यातलं काही असेल तर थांबू नका, लगेच मनोविकारतज्ज्ञांकडे आणा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आहे, आणि टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६. टेली-मानसवर भाषा निवडता येते. आपल्या भागात हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण कन्नडमध्ये बोलावं लागेल या धास्तीने मराठी घरातल्या बाया फोनच करत नाहीत.

एक आई (चिक्कोडी)

रविवारी बोलते. नवऱ्याला आधी सांगू की नंतर?

डॉ. घटप्रभा (धारवाड)

ते हात उगारतील अशी भीती असेल तर नंतर. नसेल तर आधी, म्हणजे दोघांचं बोलणं एक राहील.

उद्यमबाग (बेळगाव)

सगळं दोनदा वाचलं. माझं मत पूर्ण बदललेलं नाही. गांजा ओढणारा आणि न ओढणारा, दोन पोरं समोर उभी केली तर काळजी मला पहिल्याचीच जास्त वाटणार, आणि ते जुळ्या भावंडांचं वाचून तर जास्तच. पण एक गोष्ट पटली. आमच्याकडं गांजा सापडला की पोराचा त्याच दिवशी हिशेब करतात. कामावरून गेलेला पोरगा दिवसभर टपरीवर बसतो आणि टपरीवर काय काय मिळतं ते सांगायला नको. पुढच्या वेळी मी मालकांशी बोलणार. भट्टीवरून काढा, मशीनपासून लांब ठेवा, पण कामावरून काढू नका.

बाई, त्या पोराचं काय झालं?

वेदगंगा (निपाणी)

काल संध्याकाळी परत गेले होते. आई वखारीतून नुकतीच आली होती, अंगाला तंबाखूचा उग्र दर्प, शिंका थांबत नव्हत्या. मी तिला सांगितलं, गांजा ओढणारी बहुतेक मुलं पुढे जात नाहीत. तुमचा मुलगा लहान आहे म्हणून धोका जास्त आहे, आणि म्हणूनच तो शाळेत आणि तुमच्या नजरेसमोर हवा. परतलेल्या भावाचं लिहिलेलं वाचून दाखवलं. मुलगा दारामागे उभा राहून ऐकत होता. डबा करून पाठवणाऱ्या आईचं आलं तसं ती म्हणाली, "म्या बी दीन की डबा." वडिलांना फोन करून गोव्याचं तूर्त थांबवलंय.

मुख्याध्यापक अजून तयार नाहीत. बाकीच्या पालकांचा दबाव आहे, त्यांना शाळेत "तसला" मुलगा नको. सोमवारी पुन्हा भेटणार आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही असा २००३ पासूनचा कायदा आहे, आणि आमच्या फाटकातून दोन टपऱ्या दिसतात. मुलाला काढायचं असेल तर त्याच ठरावात त्या टपऱ्याही घाला, असं लेखी देणार आहे. पुढच्या पालकसभेला वेगळं कोणी बोलायला हवं. डॉक्टर, तुम्हाला यायला जमेल?

डॉ. घटप्रभा (धारवाड)

शनिवार असेल तर जमेल. मुलांशी वेगळं आणि पालकांशी वेगळं बोलू द्या, एकत्र नको.

औषधवाला (खानापूर)

मीही येतो. गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा आणि औषधांच्या बाटल्या घेऊन येतो, घरात काय सापडलं तर ओळखायचं ते आयांना हातात देऊन दाखवता येईल. तारीख ठरली की इथंच टाका.